गाडीची चावी, गिअर आणि मधला अडसर

कुकरचं झाकण उघडायला गेलं आणि ते हलेना, की आपण चिडतो. भात झालाय, पानं मांडलीत, मुलं ओरडताहेत, आणि हे झाकण काही दाद देत नाही! पण ते झाकण आपल्यावर रुसलेलं नसतं. आत वाफ कोंडलेली असते. ती निघून जाईपर्यंत आत बसणारं झाकण सुटतच नाही, आणि म्हणूनच आपला चेहरा भाजत नाही. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या जुन्या कुकरची गोष्ट वेगळी. तिथे घाईत जोर लावला तर झाकण फिरायचं, आणि मग काय व्हायचं ते अनेकींनी पाहिलं आहे. दोन्ही कुकरच, काम एकच. पण एकात अडसर आहे आणि दुसऱ्यात तो आपल्या डोक्यात ठेवावा लागतो.

गाडीचंही अगदी असंच आहे. आज आपल्यातल्या पुष्कळजणी गाडी चालवतात. मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, मंडईतून पिशव्या आणणं, सगळं स्टिअरिंगवर बसून होतं. पण आपण शिकलेलो असतो एका गाडीवर. मग घरात नवी गाडी येते, किंवा भावाची गाडी पार्किंगमधून काढायची पाळी येते, किंवा लेकाकडे परदेशी गेल्यावर तिथली गाडी हातात येते. चावी तशीच दिसते, गिअरचा दांडाही तसाच. पण एक गाडी चुकीला अडवते आणि दुसरी मुकाट्याने चूक करू देते. कुठली कशी, हे आधी माहीत असलेलं बरं.

अडसर कशासाठी?

चावी आणि गिअर यांच्यामध्ये गाडी तयार करणाऱ्यांनी जे खटके ठेवलेले असतात, त्यांचं काम मुळात तीन गोष्टींपुरतं असतं. पहिली, गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊन एकदम उडी मारू नये. दुसरी, आपण चावी काढून उतरल्यावर गाडी आपली आपण घरंगळू नये. आणि तिसरी, चोराला ती सहज नेता येऊ नये.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात आधी आली. फार जुन्या गाड्यांत चावी म्हणजे नुसतं विजेचं बटण होतं. अमेरिकेत १९७० सालापासून नव्या मोटारींना असा नियम लागू झाला, की चावी काढल्यावर स्टिअरिंग तरी अडकलं पाहिजे किंवा गाडी पुढे जाणं तरी बंद झालं पाहिजे. बहुतेकांनी स्टिअरिंगला कुलूप लावलं. स्वीडनच्या साब कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. तिच्या कित्येक गाड्यांत चावीची जागा दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ होती, आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत दांडा रिव्हर्समध्ये नेल्याशिवाय चावी बाहेरच येत नसे. पहिल्यांदा ती गाडी हातात घेणारा माणूस चावी काढता काढता घामाघूम होत असेल! पण त्यामुळे गाडी गिअरमध्येच उभी राही आणि घरंगळत नसे, हेही खरं. साब गाड्यांचा कारखाना २०११ साली बुडाला, पण ती युक्ती अजून जाणकार सांगतात.

हाताने गिअर टाकायची गाडी

आपल्याकडे पुष्कळ घरांत हीच गाडी असते. हिच्यात चावी काढताना गिअर कुठे आहे याची चौकशी कुणी करत नाही. न्यूट्रलमध्ये ठेवा, पहिल्यात ठेवा, चावी निघतेच. म्हणजे उतारावर गाडी थोपवून धरण्याची जबाबदारी सगळी आपली. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. त्याची तार कालांतराने सैल होते, आणि अर्धवट ओढलेला हँडब्रेक सपाटीवर पुरला तरी उतारावर पुरत नाही. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि वर घट्ट ओढलेला हँडब्रेक अशी सवय लावून घ्या. उतार जास्त असेल तर चाकाखाली दगड ठेवायला लाजू नका.

पण मग दुसरी अडचण येते. तुम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. सकाळी दुसरंच कुणी येऊन बसलं आणि चावी फिरवली, की गाडी टुणकन पुढे उडी मारते. समोर भिंत असेल तर बंपर जातो, आणि अंगणात कुणी तुळशीला पाणी घालत असेल तर? म्हणून नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ‘गाडी बिघडली वाटतं’ असं म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी क्लच पूर्ण खाली दाबून पाहा. जुन्या गाड्यांत मात्र हा अडसर नसतो. त्यांत क्लच न दाबताही सेल्फ लागतो.

म्हणून गाडी कुठलीही असो, एकच रीत ठेवा. बसल्यावर आधी पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर, मग हाताने दांडा हलवून न्यूट्रल आहे याची खात्री, आणि मगच चावी. अडसर असलेल्या गाडीत हे जास्तीचं ठरेल, नसलेल्या गाडीत तेच तुम्हाला वाचवेल.

चावी फिरतच नाही, असंही कधी कधी होतं. अशा वेळी चाकं तिरकी राहून स्टिअरिंगच्या कुलपावर ताण आलेला असतो. जोर केलात तर चावी वाकेल. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा, लगेच सुटेल. उलट, काही गाड्यांत चावी काढताना ती आत दाबून शेवटच्या घरात फिरवावी लागते. हा त्रास मुद्दामच दिला आहे. चालत्या गाडीत नुसत्या धक्क्याने चावी शेवटच्या घरात जाऊन स्टिअरिंग अडकू नये, म्हणून.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींना जुनी खोड असते. शेजारी बसून आपण ते पाहत असलो तर खुशाल भांडावं! इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी आणखी मागे गेली तर स्टिअरिंगच अडकतं. शिवाय आजच्या गाड्यांत उतारावर गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआपच बंद होतं. म्हणजे बचतही नाही आणि जिवाला घोर मात्र आहे.

पी असलेली ऑटोमॅटिक

ऑटोमॅटिक गाडीच्या दांड्याजवळ पी, आर, एन, डी अशी अक्षरं असतात. पी म्हणजे पार्क. दांडा तिथे नेला की गिअरबॉक्समधली एक लोखंडी खुंटी दातेरी चाकात अडकते आणि चाकं धरून ठेवते. या गाडीत साधारण दोन अडसर असतात. दांडा पी मध्ये नेल्याशिवाय चावी निघत नाही, आणि ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पी मधून सुटत नाही.

हे दोन्ही एकदम आले नाहीत. १९८६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर एका गाजलेल्या कार्यक्रमात ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी दाखवल्या गेल्या. उभी गाडी गिअरमध्ये टाकताच सुसाट सुटते, असं लोक सांगत होते. कंपनीने ब्रेक दाबल्यावरच दांडा सुटेल असा खटका बसवायला घेतला. पुढे १९८९ साली तिथल्या सरकारी खात्याने चौकशीचा निष्कर्ष दिला, की बहुतेक वेळा चालवणाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडत होता. म्हणजे माणसाचा पाय चुकतो हे मान्य करूनच तो खटका उपयोगी ठरला. पाय ब्रेकवर असेल तरच दांडा सुटेल, मग गाडी उडणार कशी?

चावीचा अडसर तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीचा झाला. पण चावी आत असताना, गाडीत एकट्या बसलेल्या लहान मुलाने दांडा ओढला तर? ब्रेकचा खटका तिथे सक्तीचा व्हायला बरीच वर्षं गेली. घराच्या आवारात मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने कायदा झाला, आणि सप्टेंबर २०१० पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक मोटारींत, चावी कुठल्याही घरात असली तरी, ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पी मधून हलता कामा नये असं ठरलं. तेव्हा लेकाकडे अमेरिकेत गेलात आणि त्याने जुनी गाडी घेतलेली असेल, तर हा खटका तिच्यात आहे का, हे नातवंडं गाडीत चढण्याआधी तपासून पाहा. इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय न ठेवता दांडा हलतो का ते पाहिलं की कळतं. चावी प्रत्येक घरात ठेवून पाहा. काही जुन्या गाड्यांत एका घरात दांडा अडतो आणि दुसऱ्यात सुटतो.

या गाडीची चावी निघत नसेल तर घाबरू नका. दांडा पी मध्ये पूर्ण गेलेला नसतो, एवढंच. तो एकदा नीट पुढे सारा. आणि दांडाच हलत नसेल, बॅटरी पार उतरली असेल, तर कित्येक गाड्यांत दांड्याजवळ एक छोटं झाकण असतं. ते उघडून आतला खटका दाबला की दांडा सुटतो. पण आधी हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवर पाय ठेवा, नाहीतर दांडा सुटेल आणि त्याबरोबर गाडीही.

उतारावर उभी करताना क्रम लक्षात ठेवा. आधी पायाने ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, आणि पुन्हा ब्रेक दाबून दांडा पी मध्ये न्या. असं केलं की सगळा भार त्या बिचाऱ्या खुंटीवर पडत नाही, आणि निघताना दांडा खाडकन ओढावा लागत नाही.

एएमटी: दिसते तशी नसते

इथे आपल्या बायकांची सगळ्यात जास्त फसगत होते. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लच नसलेली स्वस्त गाडी सामान्य घरांत पोचली. तिला आपण ऑटोमॅटिकच म्हणतो. पण ही आतून हाताने गिअर टाकायचीच गाडी असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून अशा बहुतेक गाड्यांत पी नसतोच! आर, एन, डी एवढंच. रेनोच्या क्विडमध्ये तर २०१६ साली दांडासुद्धा गेला आणि गॅसच्या शेगडीसारखं फिरवायचं बटण आलं.

पी नाही म्हणजे ती खुंटीही नाही. एन मध्ये ठेवून उतरलात तर गाडी केवळ हँडब्रेकवर उभी आहे हे विसरू नका. साधारणतः अशा गाड्यांच्या पुस्तिकेत इंजिन बंद करताना गिअर टाकून ठेवायला आणि हँडब्रेक ओढायला सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान आज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर वाचाच. ज्या मैत्रिणीकडे पी असलेली गाडी आहे ती सांगेल तसं करू नका. तिची गाडी वेगळी, तुमची वेगळी.

बटणाची गाडी

हल्ली चावी फिरवायचीच नसते. ती पर्समध्ये असली की बटण दाबून गाडी सुरू. सोय मोठी, पण अडसर बदलतात. ब्रेक, आणि हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच, दाबून बटण दाबलं तरच इंजिन सुरू होतं. पाय न ठेवता बटण दाबलं तर नुसते दिवे आणि रेडिओ लागतात. बाईसाहेबांना वाटतं गाडी बंद आहे, आणि सकाळी बॅटरी उतरलेली! बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत दांडा पी मध्ये नसताना बटण दाबलं तर इंजिन थांबतं, पण वीज चालूच राहते. म्हणून आधी पी, मग बटण, आणि उतरण्याआधी काट्यांवरचे दिवे विझले का ते पाहणं, हे कधी चुकवू नका.

आता समजा, तुमचे ‘हे’ स्टेशनपर्यंत गाडी घेऊन आले, चावी त्यांच्या खिशात, ते उतरले आणि तुम्ही चालवायला बसलात. इंजिन सुरूच असतं. गाडी एकदोनदा टीं टीं करते, आपण गर्दीत ते ऐकत नाही. गाडी थांबत नाही, कारण बहुतेक गाड्यांत चावी दूर गेली म्हणून चालतं इंजिन बंद करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मंडईपाशी बंद केलीत की पुन्हा सुरू व्हायची नाही, आणि चावी निघालेली असते पुण्याच्या गाडीने! तेव्हा जागा बदलताना चावी हातात घ्या. निरोप नंतर.

याच सोयीची एक काळी बाजूही आहे. इंजिन इतकं शांत, आणि चावी पर्समध्येच, त्यामुळे गाडी चालू ठेवून घरात निघून जाणारी माणसं असतात. परदेशात घराला लागून बंद गॅरेज असतं. तिथे रात्रभर चालू राहिलेल्या इंजिनाचा विषारी वायू घरात शिरून माणसं गेली आहेत. आपल्याकडेही बंद शटरच्या आत गाडी ठेवत असाल तर हे लक्षात असू द्या.

जुडग्याचं वजन, दांड्याचा आकार

कपाटाची, कुलपाची, तिजोरीची, देवघरातल्या पेटीची, सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात घालायची आपली सवय. गाडीची चावी मात्र वेगळी ठेवा. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने २०१४ साली सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या चावीचं कुलूप आतून सैल होतं. जड जुडग्याच्या ओढीने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने चालत्या गाडीत चावी मागच्या घरात सरकायची, इंजिन बंद पडायचं, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. दोष कुलपाचा होता, जुडग्याचा नव्हे. पण रिकाम्या चावीवर ओढ कमी पडते, एवढं शहाणपण आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट २०१६ ची. जीप ग्रँड चेरोकी आणि तिच्या भावंडांपैकी काही गाड्यांत दांडा पी, आर, डी कुठेही नेला तरी हात सोडताच मधल्या जागी परत यायचा. पी लागला की नाही ते हाताला कळत नसे, समोरचा छोटा दिवा पाहावा लागे. जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा नट लॉस एंजलिसमध्ये घराच्या उतारावर आपल्याच जीपमुळे चिरडून गेला. म्हणून हाताच्या अंदाजावर राहू नका, डोळ्यांनी अक्षर पाहा आणि हँडब्रेक ओढा.

स्कूटरवाल्या मैत्रिणींनो

तुमच्याही गाडीला अडसर आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला ब्रेक धरल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि कित्येक नव्या स्कूटर साइड स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. पण एकदा सुरू झाली की पुढे अडसर नाही. पुढे उभं केलेलं पोर हँडलची मूठ पिळतं आणि स्कूटर सुटते. तेव्हा पोराला चढवताना, उतरवताना, भाजीची पिशवी अडकवताना आधी चावी बंद. दोन सेकंदांचं काम आहे.

दुसऱ्याची गाडी हातात घेण्याआधी

लाजू नका, विचारा. या गाडीला पी आहे का? नसेल तर उभी करताना कुठल्या गिअरमध्ये ठेवता? सुरू करताना ब्रेक दाबायचा की क्लच? चावी काढताना दाबावी लागते का? हँडब्रेक हाताचा, पायाचा की बटणाचा? आणि उतारावर तो एकटा धरतो का?

मुलांच्या बाबतीत तर एवढंही विचारू नका, सरळ नियम करा. मूल गाडीत एकटं बसवायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. चावी खेळायला द्यायची नाही. घरात गाडीची चावी औषधांसारखी उंच जागी ठेवायची. गाडीत कितीही खटके असले, तरी उन्हात तापलेल्या बंद गाडीला कुठलाच खटका वाचवत नाही.

कुकरची शिट्टी आणि झाकण आपण मुलींना न विसरता शिकवतो. लेक किंवा सून गाडी शिकायला लागली, की नुसतं ‘जपून चालव हं’ म्हणून भागत नाही. तिला शेजारी बसवून तिच्या गाडीचे अडसर कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ते एकदा हात लावून दाखवा.